बॅटरी निघत नाही, कार्ड बसत नाही

गेल्या अंकात एका उत्तरात सहज लिहून गेलो की नवीन फोन घेताना बॅटरी निघते का आणि मेमरी कार्ड बसतं का हे विचारायचे दिवस संपले, जे आत आहे ते आत आहे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा अख्खा अंक यालाच देतोय. काही जण चिडलेत, काही जण हळवे झालेत, एकाने तर मला कंपन्यांचा माणूसच ठरवून टाकलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: आमच्या जुन्या फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं. बॅटरी काढा, दुसरी टाका, अर्ध्या मिनिटाचं काम. आता म्हणे फोन गरम करायचा, काच ओढायची, गोंद सोडवायचा. हे सगळं आपण दर दोन वर्षांनी नवा फोन घ्यावा म्हणूनच केलंय ना? खरं सांगा.

उत्तर: अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आधी सांगतो.

जी बॅटरी निघते ती हातात येते, खाली पडते, खिशात किल्ल्यांबरोबर फिरते. म्हणून तिला कडक कवच लागतं. फोनमध्ये तिच्यासाठी वेगळा खण लागतो, खणाला भिंती, एका कडेला त्या सोनेरी स्प्रिंगवाल्या पिना आणि वर पुन्हा झाकण. आत चिकटवलेली बॅटरी मात्र नुसती चंदेरी मऊ पिशवी असते, कवच नाही, खण नाही, जिथे जागा उरेल तिथे बसते. म्हणजे जागा वाचते हे खरंच आहे, प्रश्न एवढाच की वाचलेल्या जागेचं कंपनीने काय केलं. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस५ (२०१४) घ्या, झाकण निघायचं, बॅटरी २८०० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), जाडी ८.१ मिलिमीटर. पुढच्याच वर्षी एस६ आला, बॅटरी आत बंद, जाडी ६.८ आणि बॅटरी २५५०! बॅटरी बंद करून बॅटरीच कमी केली, वर मेमरी कार्डही काढून टाकलं. तेव्हा लोक चिडले ते उगाच नाही.

आणि "पाणी आत जाऊ नये म्हणून" हे जे कारण सांगतात ते मला पूर्ण पटत नाही, कारण तोच एस५ आयपी६७ होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची बारीक पट्टी होती, झाकण बसवलं की कडेकडेने अंगठा फिरवून दाबायचं, झालं. आता हजारदा उघडझाप केल्यावर ते रबर तसंच राहील का, तर नाही राहणार, आणि कंपनीला वॉरंटी द्यायची असते, त्यामुळे चिकटवून टाकणं त्यांना सोपं हे मान्य. पण "शक्यच नव्हतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सुरुवात कुणी केली म्हणाल तर २००७ चा पहिला आयफोन, त्यात बॅटरीही बंद होती आणि कार्डालाही जागा नव्हती. तेव्हा बाकीच्या कंपन्या त्यावर हसल्या, मग एकेक करून त्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. २००७ मध्येच नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की जास्त तापू शकतात. (ही बॅटरी ज्यांनी कधी हातात धरली नाही असा माणूस सापडणं कठीण.) आकडा प्रचंड, पण लोकांनी काय केलं, झाकण उघडलं, बॅटरीवरचा नंबर बघितला, नंबर त्यातला असेल तर बॅटरी बदलून घेतली. फोन तोच. २०१६ मध्ये गॅलॅक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा बॅटरी आत बंद होती, त्यामुळे पहिल्या फेरीत जवळजवळ २५ लाख अख्खे फोन परत मागवावे लागले, बदलून दिलेलेही पेटले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं. म्हणजे बॅटरी बंद करणं कंपनीलाही कधीकधी महागात पडतं.

तर बॅटरीच्या बाबतीत मी कंपन्यांना अर्धी माफी देतो. कार्डाच्या बाबतीत देत नाही, त्याचं पुढे येतंच.

प्रश्न: फोन हँग झाला की बॅटरी काढून परत टाकायची सवय होती. आता स्क्रीन गोठली की मी बॅटरी संपेपर्यंत वाट बघत बसते. दुसरा उपाय आहे का?

उत्तर: अहो ताई, वाट नका बघू! पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही एकत्र दाबून धरा, दहा सेकंद, नाही झालं तर वीस, बोट दुखलं तरी सोडू नका. बहुतेक अँड्रॉइडवर याने फोन जबरदस्तीने बंद होऊन परत सुरू होतो. नव्या आयफोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो दिसेपर्यंत दाबून धरा. आतला डेटा जात नाही. ही युक्ती फोन चांगला चालू असताना एकदा करून बघा म्हणजे वेळेला बोटं अडखळणार नाहीत.

प्रश्न: दादा, दोन वर्षं झाली फोनला. सकाळी १०० टक्के असतो आणि दुपारी कॉलेजमधून निघेपर्यंत मान टाकतो. कधी कधी तर ३० टक्के दाखवत असतो आणि फोटो काढायला गेलं की धपकन बंद. मित्र म्हणतात अ‍ॅपमुळे होतंय, फोन रिसेट मार. करू का? की नवीनच घेऊ?

उत्तर: थांब, दोन्ही नको.

३० टक्क्यांवर कॅमेरा उघडला आणि बंद पडला, ही खूण जवळजवळ नक्की बॅटरी बसल्याची आहे, अ‍ॅपची नाही. कसं होतं बघ, लिथियम आयन बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात चार्ज कमी मावतो हे तर सगळ्यांना माहिती असतं, पण त्याबरोबर तिचा आतला रोध पण वाढतो. म्हणजे टाकीत पाणी आहे पण नळाला गाळ बसलाय. साधं मेसेज वाचताना थोडं थोडं पाणी लागतं, चालून जातं. कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर सगळ्यांनी एकदम मागितलं की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. परत चालू केलास की २८ टक्के दाखवतो आणि तू चक्रावतोस.

हा प्रकार एवढा मोठा आहे की अ‍ॅपलने २०१७ च्या सुरुवातीला एक अपडेट देऊन जुन्या बॅटरीचे आयफोन गुपचूप हळू केले होते, असे बंद पडू नयेत म्हणून. लोकांना वाटलं फोनच जुना झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, बोंबाबोंब झाली, आणि मग २०१८ भर बॅटरी स्वस्तात बदलून दिली. गंमत म्हणजे नवी बॅटरी टाकली की तोच "म्हातारा" फोन परत पळायला लागायचा. तुझ्या फोनचंही असंच असू शकतं, आख्खा फोन टाकायची गरज नाही.

आधी सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जा. एखादंच अ‍ॅप सगळ्यात वर बसून निम्मी बॅटरी खात असेल तर मित्र बरोबर आहेत. पण खर्च सगळीकडे सारखा पसरलाय आणि टक्के मात्र ४० वरून एकदम १८ वर उड्या मारतायत, तर बॅटरी गेली. काही फोनमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवतात, ८० च्या खाली असेल तर बदल. दोन वर्षांत अशी अवस्था येणं काही विचित्र नाहीये, बऱ्याच फोनच्या बॅटरीचा हिशोब ५०० सायकलनंतर ८० टक्के असाच असायचा, सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, आज अर्धी उद्या अर्धी मिळून एक. दिवसाला एक धरली तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच संपतात. आता सुधारतंय, आयफोन १५ पासून अ‍ॅपल १००० सायकल सांगतं.

बदलताना दोन गोष्टी. एक, बॅटरी कंपनीचीच किंवा खात्रीची घाल, वर मोठ्ठा आकडा छापलेली भलतीच बॅटरी नको, त्याच मापाच्या पिशवीत दीडपट एमएएच बसत नसतात. दुसरं म्हणजे रिपेअरवाल्याला आधीच विचार की उघडल्यावर कडेचा गोंद नवीन लावणार का. एकदा उघडलेला फोन आधीसारखा वॉटरप्रूफ आहे असं कधीच धरून चालायचं नाही, पण गोंदच लावला नाही तर साधा पाऊसही आत जाईल. आणि घरी स्वतः करायची हौस असेल तर एवढंच सांगतो, बॅटरीखाली पांढऱ्या ताणणाऱ्या पट्ट्या असतात, त्या च्युइंगमसारख्या हळूहळू ओढायच्या असतात, अर्ध्यात तुटली की लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला जातात आणि तिथेच धूर निघतो. धातूचं काहीही बॅटरीखाली घालायचं नाही म्हणजे नाही.

(आयफोन १६ मध्ये असा गोंद आलाय की ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची वायर लावली की दीडेक मिनिटात आपोआप सुटतो. बॅटरी काढायला दुसरी बॅटरी! पण कल्पना चांगली आहे.)

नवी बॅटरी टाकल्यावर तिला उन्हापासून जप, गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नकोस आणि गेम खेळत चार्जिंग करू नकोस. बॅटरीला सगळ्यात जास्त खातं ते तापणं. रात्रभर चार्जिंगला लावल्याने ओव्हरचार्ज होत नाही, फोन स्वतः थांबतो, पण १०० वर तासन्‌तास बसून राहणं तिला आवडत नाही, सेटिंगमध्ये ८० ला थांबवायची सोय असेल तर चालू करून टाक.

प्रश्न: माझा फोन टेबलावर सपाट ठेवला तरी डुगडुगतो. टाइप करताना हलतो. कव्हर बदललं, तेच. काय असेल?

उत्तर: हे पत्र वाचून मी सगळ्यात आधी यालाच उत्तर पाठवलं, अंकाची वाट बघितली नाही. बॅटरी फुगली असणार. कव्हर काढा, फोन आडवा धरून डोळ्यासमोर न्या, मागची काच मध्ये उचललेली दिसते का बघा. कधी पुढची स्क्रीन एका कडेने सुटते आणि अंधारात त्या फटीतून बारीक उजेड दिसतो, माझ्या स्वतःच्या फोनला मी असंच पकडलं होतं, रात्री लाइट घालवून वाचत होतो तर डाव्या कडेला उजेडाची रेघ. मला आधी वाटलं स्क्रीन खराब झाली.

आतल्या रसायनांचा गॅस होतो आणि मऊ पिशवी असल्यामुळे ती पापडासारखी फुगते. जुन्या निघणाऱ्या बॅटरीला आपण टेबलावर ठेवून भिंगरीसारखी फिरवून बघायचो आठवतंय, गरगर फिरली तर फुगलीय, फेकायची आणि नवी. आता ती आतून काचेला ढकलत बसते आणि दिसतही नाही.

चार्जिंगला अजिबात लावू नका. फोन बंद करा. दाबून सपाट करायला जाऊ नका, टाचणीने गॅस काढायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा, आत हवा गेली की पेट घेते. काहीतरी पेटणार नाही अशा जागी ठेवा, कागद-कपड्यांपासून लांब, आणि रिपेअरवाल्याकडे न्या. केरात टाकू नका.

प्रश्न: मेमरी कार्डाचा स्लॉट का काढला? बॅटरीचं तुम्ही काहीतरी पटवाल, पण एवढ्याशा कार्डाने कुणाचं काय बिघडवलं होतं?

उत्तर: काहीच नाही! चला, इथे आपण एका बाजूला आहोत.

कंपन्यांची बाजू आधी मांडतो म्हणजे कुणी एकतर्फी म्हणायला नको. वेग. साधारण फोनमध्ये चालणारं मायक्रोएसडी कार्ड सेकंदाला १०४ एमबीच्या वर जाऊच शकत नाही, तेवढीच त्या तारांची मर्यादा आहे. आतलं स्टोरेज, ज्याला यूएफएस म्हणतात, त्याचं ३.१ व्हर्जन वाचायला २००० एमबीपर्यंत जातं. वीसपट. अ‍ॅप कार्डावर टाकलं की ते रांगत उघडणार आणि लोक कार्डाला नाही, फोनला शिव्या देणार. शिवाय स्वस्तातलं कार्ड मध्येच मान टाकतं आणि फोटो गेले की परत फोनचाच दोष. हे सगळं खरं आहे.

गूगलने पण कार्डाचे हाल केले. अँड्रॉइडच्या २०१३ च्या किटकॅट आवृत्तीत अ‍ॅपना कार्डावर वाटेल तिथे लिहायला बंदी आली, लोकांचे फाइल मॅनेजर रातोरात लंगडे झाले. मग २०१५ मध्ये मार्शमॅलोत उलटं टोक, कार्ड फोनच्याच स्टोरेजचा भाग करून घ्यायची सोय दिली, पण तसं केलं की कार्ड त्या एका फोनला बांधलं जातं, काढून दुसरीकडे लावलं तर काहीच वाचता येत नाही, आणि काढल्यावर निम्मी अ‍ॅप गायब. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी ती सोय चालूच केली नाही.

पण आता साधा हिशोब करू. कार्डावर आपण काय ठेवतो? फोटो, व्हिडिओ, गाणी, सिनेमे, पीडीएफ. जुन्या पद्धतीने शूट केलेला ४के व्हिडिओ मिनिटाला सुमारे ३५० एमबी होतो, म्हणजे सेकंदाला सहा एमबी सुद्धा नाही. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला ३० एमबी सतत लिहायची हमी देतं. पाचपट! मग २००० चा वेग हवाय कुणाला? गाणं ऐकायला? अ‍ॅप आत ठेवा, सामान कार्डावर ठेवा, एवढी साधी वाटणी होती आणि ती चालत होती.

जागेचं कारण सांगतात तर कार्ड आहे १५ बाय ११ मिलिमीटर आणि जाडी एक. सिमचा ट्रे तसाही असतोच, त्याच ट्रेमध्ये दुसऱ्या सिमच्या जागी कार्ड बसणारे फोन निघालेच की (त्यातही सिम की कार्ड असं भांडण लावून दिलं, पण निदान जागा तरी होती). पाण्याचं कारण सांगतात तर त्या ट्रेला रबरी रिंग असते, ती सिमसाठी चालते आणि कार्डासाठी चालत नाही असं कसं?

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे सॅमसंगने एस६ ला स्लॉट काढला, पुढच्या वर्षी एस७ ला परत दिला आणि तोही आयपी६८ सकट, म्हणजे आयपी६७ च्याही वरची पायरी, मग एस२० पर्यंत ठेवला आणि २०२१ ला एस२१ मध्ये परत काढला. तंत्रज्ञान असं आत-बाहेर करत नसतं, हिशोब करतो. स्लॉट असेल तर तुम्ही कमी स्टोरेजचा फोन घेऊन कार्ड टाकता. नसेल तर दुकानात उभं राहून वरचं मॉडेल घेता, कारण पुढे वाढवता येणार नाही ही भीती. १२८ आणि २५६ च्या किमतीत जो फरक असतो आणि तेवढ्याच जीबीचं कार्ड जेवढ्याला येतं, ते दोन आकडे शेजारी लिहून बघा, मला वेगळं काही बोलायची गरज नाही.

वेगवान कार्ड काढायचेही प्रयत्न झाले, सॅमसंगने २०१६ मध्ये यूएफएस कार्ड जाहीर केलं, हुआवेने २०१८ मध्ये सिमच्या मापाचं स्वतःचं एनएम कार्ड आणलं. दोन्ही रुजली नाहीत. मनावर घेतलं असतं तर वेगाचा प्रश्न सुटला असता, एवढंच.

प्रश्न: स्लॉटवाला फोन आहे माझ्याकडे. ५१२ जीबीचं कार्ड फारच स्वस्तात मिळालं, पण जुने फोटो उघडत नाहीत, करडा चौकोन येतो.

उत्तर: नकली आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीच असणार आणि कार्ड फोनला खोटं सांगतंय की मी ५१२. भरलं की ते जुन्यावरच नवं लिहीत जातं, नावं दिसतात पण आत काही नसतं. एफ३ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, कार्ड पूर्ण भरून परत वाचून खरी साइज सांगतो. त्याच्या आधी जे उघडतंय ते सगळं काढून घ्या, कारण तपासताना कार्ड पूर्ण भरलं जातं.

प्रश्न: मग आता १२८ घेऊ की २५६? फोटो खूप काढतो, व्हिडिओ कधी कधी.

उत्तर: २५६. पुढे वाढवता येणार नाही म्हटल्यावर घेतानाच जास्त घ्यायचं, वर शिव्या घालूनही सल्ला हाच देतोय हे मला कळतंय. १२८ चे कॉम्प्युटरच्या मोजणीने ११९ च होतात, त्यातले १५-२० सिस्टिम खाते, म्हणजे हातात आले साधारण १००. त्यात जुन्या पद्धतीचा ४के व्हिडिओ पाच तासांचाही मावत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) निवडलंत तर तोच व्हिडिओ निम्म्या जागेत बसतो, ते आजच करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, निम्मा कचरा तिथला असतो. स्टोरेज काठोकाठ भरू देऊ नका, दहा टक्के तरी मोकळं ठेवा, फ्लॅश मेमरीला लिहायला रिकामी जागा लागते, नाही मिळाली की अख्खा फोन जड होतो.

प्रश्न: फोन एका रात्रीत डेड झाला. चार्जिंगचं चिन्हही येत नाही. मुलीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्यात आहेत. रिपेअरवाला म्हणतो बोर्ड गेला, डेटा येणार नाही. मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावता येत नाही का?

उत्तर: वाईट वाटलं वाचून. चिप काढता येते पण उपयोग होत नाही. आजकालच्या फोनमधलं स्टोरेज कुलूपबंद असतं, एन्क्रिप्टेड, आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते, वर तुमचा पिन लागतो. नुसती चिप वाचली तर आकड्यांची राख मिळते. हे चोरापासून वाचवायला चांगलं आहे, अशा वेळी मात्र मालकालाही चोरासारखंच बाहेर उभं करतं.

पण "बोर्ड गेला" हे शेवटचं वाक्य समजू नका. बोर्डाचं सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारे, नुसते स्क्रीन-बॅटरी बदलणारे नव्हेत, अशांकडे न्या आणि स्पष्ट सांगा की फोन वापरायचा नाहीये, फक्त एकदा चालू व्हायला हवा, डेटा घेण्यापुरता. पॉवरच्या भागात एखादा बारीक कपॅसिटर शॉर्ट झालेला असेल तर होऊन जातं. रिसेट किंवा सॉफ्टवेअर मारू देऊ नका, तिथे किल्ली पुसली जाते. आणि फोटो कुठल्या अकाउंटला आपोआप जात होते का ते दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघितलंत का? अनेकदा लोकांना माहितीच नसतं की सिंक चालू होतं.

माझा एक जुना फोन गाडीखाली आला होता, अक्षरशः चपटा झाला. ट्रे पक्कडीने ओढून काढला, कार्ड वाकलं नव्हतं, रीडरमध्ये घातलं, सगळे फोटो जागच्या जागी. कार्डाचा हा उपयोग कुठल्याच जाहिरातीत आला नाही कधी.

प्रश्न: तुम्ही जुन्याच गोष्टी कुरवाळत बसता. आता क्लाउड आहे, कार्ड कुणाला हवंय?

उत्तर: क्लाउड मीही वापरतो हो. पण गूगल फोटोजचं फुकट अमर्याद स्टोरेज १ जून २०२१ ला बंद झालं, तेव्हापासून नवीन फोटो १५ जीबीच्या कोट्यात मोजले जातात आणि त्याच्या वर भाडं. कार्ड एकदा घेतलं की घेतलं. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, फोनवर जागा करायला फोटो डिलीट मारलात तर अनेकदा वरूनही जातो, मग लोक मला पत्र लिहितात. ज्यांना क्लाउड नको त्यांनी टाइप-सीचा पेनड्राइव्ह घ्या, महिन्यातून एकदा फोनला लावून कॉपी मारा. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तेवढ्यालाच अडकतो.

प्रश्न: बॅटरी निघणारा आणि कार्ड बसणारा एकही नवा फोन जगात उरला नाही का?

उत्तर: उरलेत, पण मोजके. नेदरलँड्सच्या फेअरफोनचा ५ नंबरचा फोन (२०२३), झाकण हाताने निघतं, बॅटरी निघते, कार्ड बसतं. सॅमसंगच्याच एक्सकव्हर मालिकेतले एक्सकव्हर ६ प्रो आणि एक्सकव्हर ७, कामाच्या ठिकाणी आपटायला बनवलेले, दोन्ही आयपी६८ आणि बॅटरी निघणारी! म्हणजे ज्या कंपनीने पाण्याचं कारण दिलं तीच हे करून दाखवते. कॅमेरा आणि वेग यांत हे वरच्या फोनांना गाठत नाहीत आणि सगळीकडे मिळतही नाहीत.

बाकी आशा युरोपकडून आहे. तिथे २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय की फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर ८० टक्के राहिली पाहिजे आणि स्पेअर पार्ट विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा दुसरा कायदा आहे. नखाने निघणारं झाकण परत येणार म्हणून नाचू नका मात्र. पहिल्या नियमातही बॅटरी घरी बदलता येण्याची अट आहे, पण तिला पळवाट आहे, बॅटरी १००० सायकलनंतरही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यात टिकणारा असेल तर ती अट सुटते. मोठ्या कंपन्या त्याच वाटेने जातील असं मला वाटतं. मेमरी कार्डाबद्दल मात्र त्या नियमांत एक अक्षर नाही.

प्रश्न: तीन जुने फोन ड्रॉवरमध्ये पडलेत. दोनांची बॅटरी निघते, एकाची नाही. तसेच ठेवले तर चालतील?

उत्तर: ज्यांची निघते त्यांची काढून वेगळी ठेवा, फुगल्या तर फोन तरी वाचेल. ज्याची निघत नाही तो ५० टक्क्यांपर्यंत चार्ज करून बंद करा आणि चार-सहा महिन्यांनी परत तेवढाच चार्ज करा, पूर्ण शून्यावर महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी बहुतेक परत उठत नाही. आणि त्या दोन फोनच्या बॅटरीखाली बघा, जुन्या फोनमध्ये कार्डाचा स्लॉट बऱ्याचदा तिथेच लपलेला असायचा, कार्ड अजून आतच असेल.